उशाला दगड

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या खाली टपरीवर चहा पिताना टीममधल्या एकाने विचारलं, "तू दर रविवारी चर्चला जातोस... खरंच मानतोस का रे हे सगळं? की आपलं घरचं आहे म्हणून?" मी म्हटलं, "मानतो." पुढे काही सुचेना. चहा संपला, स्टँडअपची वेळ झाली, विषय तिथेच राहिला. पण डोक्यातून काही गेला नाही. म्हणून आज शनिवारी सकाळी बसलोय, जरा लांबचं उत्तर द्यायला.

मी मूळचा जालन्याचा. जालना म्हटलं की लोकांना स्टीलच्या सळया, बियाणं आणि मोसंबी आठवते. आम्हाला अजून एक गोष्ट आठवते, ती नंतर सांगतो.

मार्च २०२३. त्या काळात जगभर आयटीत नोकरकपातीची लाट होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. माझा नंबर एका मंगळवारी लागला. 'क्विक कनेक्ट' नावाची मीटिंग, पंधरा मिनिटं, एचआरची ओळखीची नसलेली बाई, दुपारपर्यंत लॅपटॉप जमा. त्याच्या चार महिने आधी ताईच्या लग्नासाठी मी पर्सनल लोन काढलं होतं. हप्ता १८,४०० रुपये.

खरं तर यात आभाळ कोसळण्यासारखं काही नव्हतं. नोकऱ्या जातात, दुसऱ्या मिळतात. चूक मी पुढे केली. घरी सांगितलं नाही.

आधी वाटलं, आठवड्यात दुसरं काही मिळेल, मग एकदमच सांगू. आठवड्याचा महिना झाला. रोज रात्री आठला पप्पांचा फोन यायचा. "जेवलास का? काम कसं चाललंय?" "बरं आहे पप्पा, रिलीज आहे ना, गडबड आहे." कुठली रिलीज नि काय! दर महिन्याला घरी पाठवायचे दहा हजार मी क्रेडिट कार्डावरून फिरवून पाठवत होतो. दोन इंटरव्ह्यू शेवटच्या राउंडला गेले. मग रात्री तीनला जाग यायला लागली. छातीत धडधड, हात गार. हार्ट अटॅकच आला असं वाटून एकदा रिक्षाने कॅज्युअल्टीत गेलो. ईसीजी नॉर्मल.

आणि प्रार्थना? करत होतो की! पण कशी, तर सपोर्टला तिकीट टाकल्यासारखी. प्रायॉरिटी वन, देवा, महिनाअखेरपर्यंत ऑफर लेटर पाहिजे. मिळालं तर दशांश देईन, रोज बायबल वाचीन. उत्तर आलं नाही की दुसऱ्या दिवशी तेच तिकीट रीओपन. तीन महिने मी देवाशी फक्त व्यवहाराचं बोलत होतो, आणि माणसांशी खोटं.

जूनमध्ये 'लाँग वीकेंड आहे' अशी अजून एक थाप मारून घरी गेलो. रविवारी आईसोबत उपासनेला. सुरुवातीला ना. वा. टिळकांचं गीत झालं. 'उपासना-संगीत'मधली त्यांची गीतं आम्ही लहानपणापासून टाळ-तबल्यावर म्हणतो. तुम्ही ऐकलंत तर वारकऱ्यांचं भजन चाललंय असंच वाटेल. मग पाळकसाहेबांनी वचन काढलं, उत्पत्तीचा २८ वा अध्याय. याकोबाची गोष्ट.

ही गोष्ट मला संडे स्कूलपासून पाठ. याकोब घर सोडून पळालाय, रात्र झाली, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला. स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी, तिच्यावर चढणारे-उतरणारे देवदूत. सकाळी उठून तो त्या जागेला 'बेथेल' म्हणतो, म्हणजे देवाचं घर.

बेथेल! जालन्याच्या ख्रिस्ती माणसाला हा शब्द पुस्तकातला वाटतच नाही. कारण आमच्याकडे खरोखरचं बेथेल होतं. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात जालन्याजवळ वसवलेलं गाव. शेषाद्री मुंबईत शिकलेले ब्राह्मण तरुण, १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरगाच, तोही मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण मिशनऱ्यांच्या घरी राहून-जेवून आलेल्या पोराला जात परत घेईना. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा त्यांनाही लोकांचा राग सोसावा लागला. एका घराची अशी दोन शकलं झाली. पुढे हा माणूस निजामाच्या मुलखातल्या जालन्यात आला, ज्यांची सावलीही नको होती अशा मांग समाजात राहिला आणि त्यांना घेऊन गाव वसवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात त्यासाठी जमीन मिळाली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन बोलून आला.

माझे खापरपणजोबा त्या मांग समाजातलेच. आजी अभिमानाने सांगायची, "आपल्याला पहिल्यांदा कुणी शेजारी बसवलं ते तिथं." लोक म्हणतात, पोटासाठी धर्म बदललात. भूक होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण शेजारी बसवण्याची किंमत, ज्याला कधी दूर बसवलंच नाही त्याला कळणं अवघड आहे.

असो. त्या रविवारी मात्र मी शिडीपाशी नव्हे, त्याच्या आधीच अडकलो. याकोब पळाला का होता? तर आंधळ्या बापाला फसवून. "मी एसाव आहे" असं बापाच्या तोंडावर खोटं बोलून आशीर्वाद लाटला होता त्याने. आणि स्वप्न पडल्यावरही गडी देवाला अटी घालतो! मला खायला दिलंस, नेसायला दिलंस, सुखरूप घरी आणलंस, तर तू माझा देव. मला बाकावर बसल्या बसल्या घाम फुटला. हे तर माझं तिकीट! बापाशी खोटं, देवाशी सौदा. आणि तरी देव भेटला तो अशाच माणसाला, आणि तोही खोटं बोलून पळताना.

दुपारी जेवणं झाल्यावर सांगितलं. सगळं. कार्डाचं, लोनचं, कॅज्युअल्टीचं. आई रडायला लागली, "कामून सांगितलं नाहीस रे लेकरा?" पप्पा उठून बाहेर गेले. अंधार पडल्यावर आले. म्हणाले, "पैशाचं होईल काहीतरी. पण मी रोज आठला फोन करत होतो." एवढंच. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री घरची प्रार्थना झाली. पप्पांनी त्यात माझ्या नोकरीचं नावही काढलं नाही. लेकरू घरी आलं म्हणून देवाचे आभार मानले आणि आमेन म्हणाले. त्या रात्री तीनला जाग आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, दुसऱ्या दिवशी ऑफर आली? छे हो! नोकरी लागली नोव्हेंबरात, ती पण जुन्या सिनिअरच्या रेफरन्सने, आधीपेक्षा कमी पगारावर. बँकेशी बोलून हप्ता कमी करून घेतला, तेव्हा पप्पा सोबत आले होते. धडधडीसाठी पुण्यात कौन्सेलरकडे पाच महिने गेलो. गंमत म्हणजे तो सल्ला पाळकसाहेबांचाच. म्हणाले, "ताप आला तर प्रार्थनाही करतोस नि गोळीही घेतोस ना? मग?" (तुमच्यापैकी कुणाची झोप अशी उडाली असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.)

मग श्रद्धेने नक्की केलं काय? माझ्या मित्राला सिद्ध करून दाखवावं असं माझ्याकडे काही नाही. ऑफर, हप्ता, उपचार, सगळ्याला साधी कारणं आहेत. पण खरं बोलायचं बळ मला त्याशिवाय आलं नसतं, एवढं मला माझ्यापुरतं पक्कं माहीत आहे. मी आहे तसा, थापाड्या नि घाबरलेला, कुणालातरी आधीच माहीत आहे आणि तरी तो उठून गेलेला नाही, हे एकदा पटलं की मग पप्पांसमोर बसता येतं. याकोबाचं तरी काय वेगळं झालं? शिडी पाहिल्यावरही वीस वर्षं मामाकडे राबलाच की. उशाचा दगड काही मऊ झाला नव्हता.

पप्पांचा फोन अजूनही रोज आठला येतो. काल विचारलं, "काम कसं चाललंय?" म्हटलं, "पप्पा, काल रात्री माझ्या चुकीने प्रॉडक्शन दोन तास बंद होतं, आज शिव्या खाल्ल्या." पलीकडे हसले.

उद्या रविवार. सोमवारी टपरीवर मित्राला ही लिंक देईन म्हणतो. चहा त्याच्याकडून!