पायांतली वल्ही

मुलांचे बूट एक नंबर मोठेच घ्यायचे, हे आम्हा मध्यमवर्गीयांचं अर्थशास्त्र. पण पोहण्याच्या फिन्सना, म्हणजे पायांत घालायच्या त्या रबरी वल्ह्यांना, ते लावू नका. सैल फिन म्हणजे बँकेतला कर्जाचा जामीनदार: कागदोपत्री हजर, ऐन खोल पाण्यात बेपत्ता! घट्ट फिन तर त्याहून वाईट. बोटं बधिर होतात, पोटरीत गोळा येतो. आणि तारकर्लीच्या समुद्रात पोटरी चोळत बसायला कट्टा नसतो. तेव्हा दुकानात संकोच न करता घालून, पाय झटकून बघा. टाच सुटता कामा नये, बोटं दुमडता कामा नयेत. मागे पट्टा असलेली फिन आतला बूट घालूनच बघावी. पातं नवख्याने मऊच घ्यावं; ताठ पात्याला मांड्याही तशाच लागतात.

लुई द कोर्लिय या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ साली फिन्सचं पेटंट घेतलं. पाण्यात काय ऐट त्यांची! पाय मात्र कमरेपासून हलवायचा, गुडघ्यातून सायकल मारायची नाही. किनाऱ्यावर सगळी ऐट संपते. फिन्स घालून सरळ चाललात तर तोंडावर आपटाल. उलटं चालावं लागतं. आमच्या ब्रँचमध्ये रजा मागून साहेबांच्या केबिनमधून सगळे असेच बाहेर पडतात, तेही फिन्सशिवाय.