पावट्याच्या वाडीचं आडनाव

जर्मनीत म्युलर हे आडनाव सर्वांत जास्त आढळतं. जर्मन आडनावांच्या नकाशासंग्रहासाठी २००५ मधल्या घरगुती टेलिफोन जोडण्या मोजल्या, तेव्हा म्युलर नावावरच्या जोडण्या अडीच लाखांहून जास्त निघाल्या. याचं कारण साधं आहे. म्युलर म्हणजे धान्य दळणारा, आणि दळणाची चक्की प्रत्येक पंचक्रोशीत होती. मध्ययुगात गावं वाढली, एका नावाची पाच-पाच माणसं होऊ लागली, तेव्हा गावोगावच्या चक्कीवाल्यांना लोकांनी आपापल्या परीने म्युलर म्हणायला सुरुवात केली. लोहाराचा श्मिट झाला, शिंप्याचा श्नायडर. या लाखो म्युलरांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असायचं कारण नाही.

बॉनहोफर या आडनावाचं नेमकं उलट आहे. ते एकाच घराण्यातून, एकाच स्थलांतरातून आलं.

आजच्या नेदरलंड्समधल्या नायमेखन शहरात ‘फान डेन बूनहोफ’ नावाचं एक घराणं होतं. बून म्हणजे आपल्या वाल-पावट्याच्या जातीची शेंग आणि होफ म्हणजे शेतवाडी. पावट्याच्या वाडीवरचे ते लोक. १५१३ मध्ये या घराण्यातली माणसं दक्षिण जर्मनीतल्या श्वेबिश हाल या गावी येऊन राहिली. सोनारकाम करणारी माणसं होती ती. कोखर नदीकाठचं हे गाव मिठाच्या झऱ्यावर श्रीमंत झालेलं. तिथल्या टाकसाळीतून निघालेल्या नाण्याला गावाच्याच नावावरून हेलर म्हणू लागले आणि ते नाणं दूरवर चाललं. मीठ आणि टाकसाळ असलेल्या गावात सोनाराला काम कमी पडलं नसणार. नव्या भाषेच्या वळणात पुढचं ‘फान डेन’ गळलं, शेवटी जर्मन पद्धतीचा ‘अर’ चिकटला, आणि पावट्याच्या वाडीचे लोक बॉनहोफर झाले. पुढे याच घराण्यात पाद्री झाले, वैद्य झाले, गावाच्या कारभारात बसणारे झाले. तिथल्या सेंट मिखाएल चर्चमध्ये आजही त्यांची स्मृतिचित्रं आहेत.

मला या घराण्याचं कुलचिन्ह फार आवडतं. निळ्या पार्श्वभूमीवर सिंह आहे आणि त्याच्या पंजात पावट्याचा वेल आहे. गरुड, तलवार, किल्ल्याचा बुरूज असं काहीही त्यांना घेता आलं असतं. मानमरातब मिळाल्यावरही त्यांनी शेंगांचा वेल टाकला नाही, सिंहाच्या हाती दिला.

असं एका मुळातून आलेलं आडनाव विरळच राहतं. त्याचा पसारा किती वाढेल हे मुलगे किती झाले, किती जगले आणि त्यांना मुलगे झाले की नाही यावर ठरतं. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या दोघा इंग्रजांनी १८७४ मध्ये याचंच गणित मांडलं होतं. मुलींना त्यांच्या मोजणीत जागाच नव्हती, कारण लग्न झालं की मुलगी दुसऱ्या नावाखाली जायची. जर्मनीतही तीच रीत होती. बायकोने नवऱ्याचंच आडनाव लावायचं ही सक्ती तिथल्या कायद्यातून १९७६ मध्ये गेली. तोवर एखाद्या घराण्यात किती माणसं आहेत याचा हिशेब अर्ध्या घराण्यालाच धरून होत होता. हा हिशेब किती तोकडा आहे, ते बॉनहोफरांच्या गोष्टीत मला सर्वांत स्पष्ट दिसतं.

कार्ल बॉनहोफर हे मनोविकारतज्ज्ञ १९१२ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात प्राध्यापक म्हणून आले. ते आणि त्यांची पत्नी पाउला यांना आठ मुलं, चार मुलगे आणि चार मुली. सहावा डीट्रिख. हिटलरच्या राजवटीला पहिल्यापासून विरोध करणारा, पुढे फासावर गेलेला हा पाद्री म्हणजेच जगाला माहीत असलेला बॉनहोफर.

माझी या नावाशी ओळख त्याच्या पुस्तकांतून झाली नाही. मी वर्ध्यात वाढले. गांधींच्या समग्र वाङ्मयाचे खंड चाळताना १ नोव्हेंबर १९३४ चं एक पत्र पुढ्यात आलं. वर्ध्याहून लंडनला, डीट्रिख बॉनहोफर या अनोळखी तरुणाला लिहिलेलं. तेव्हा सेवाग्राम नव्हतं, गांधी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले ते १९३६ मध्ये. लंडनमधल्या जर्मन मंडळींचा पाद्री असलेल्या या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला गांधींजवळ राहून त्यांची जगण्याची आणि लढण्याची रीत शिकायची होती. बिशप जॉर्ज बेल यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता. गांधींचं उत्तर त्यांच्या नेहमीच्या व्यवहारी पद्धतीचं आहे. परतीच्या प्रवासाचे पैसे हवेत. इथला खर्च माणशी महिना शंभर रुपये धरा. लवकर आलात तर थंडीचा लाभ मिळेल. आपल्यासोबत राहता येईल, पण आपण तुरुंगात किंवा दौऱ्यावर नसलो तर, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. वर्ध्याचा उन्हाळा अंगावर काढलेल्या कुणालाही तो थंडीचा सल्ला किती मायेचा आहे ते कळेल.

तो आला नाही. जर्मनीत हिटलरपुढे न झुकणाऱ्या चर्चला नवे पाद्री घडवायचे होते, आणि १९३५ मध्ये तो त्या कामासाठी परतला. हे वाचून मला आजही हळहळ वाटते.

भारताची ओढ त्याला कुणी लावली हे शोधताना मी त्याच्या आजीपाशी पोचले. युली बॉनहोफर, माहेरची टाफेल. १९२८ मध्ये डीट्रिख बार्सिलोनात होता, तेव्हा तिने त्याला पत्रातून सुचवलं होतं की पूर्वेचं वेगळं जग पाहून ये, भारत पाहून ये. हीच आजी १ एप्रिल १९३३ रोजी, ज्यू दुकानांवर बहिष्कार घातला गेला त्या दिवशी, नव्वदीत असताना तपकिरी गणवेशातल्या पहारेकऱ्यांच्या रांगेतून सरळ चालत दुकानात गेली. बॉनहोफर म्हटलं की जी निर्भयता डोळ्यांसमोर येते, ती या घरात माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदा अशी उघड रस्त्यावर दाखवली ती तिने. जन्माने ती बॉनहोफर नव्हती.

चार मुलग्यांपैकी वाल्टर १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात गेला, अठराव्या वर्षी. डीट्रिखचं लग्न ठरलं होतं, पण ते होण्याआधी, ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. वकील असलेल्या क्लाउसला त्याच महिन्यात, २२ तारखेच्या रात्री, बर्लिनमध्ये गोळ्या घातल्या. रशियन फौजा तेव्हा शहरात शिरत होत्या. क्लाउसबरोबर त्याच रात्री मेलेला र्‍यूडिगर श्लायखर हा त्यांची बहीण ऊर्सुला हिचा नवरा. दुसरी बहीण क्रिस्टीन हिचा नवरा हान्स फॉन डोनानी हाही त्याच एप्रिलात साक्सेनहाउझेनच्या छावणीत मारला गेला. एका घरातले चार पुरुष. आडनावांच्या मोजणीत यांतले दोनच बॉनहोफर धरले जातील. क्रिस्टीनला १९४३ मध्ये नवऱ्याबरोबर अटक झाली होती, या पुरुषांच्या हिटलरविरोधी कटाची तिला पूर्ण कल्पना होती. तिची गणना डोनानींत होते. डीट्रिखची जुळी बहीण साबीने हिचा नवरा गेरहार्ड लाइबहोल्त्स ज्यू वंशाचा. १९३८ मध्ये ते मुलींना घेऊन जर्मनीतून निसटले आणि इंग्लंडला पोचले. ती मोजली जाते लाइबहोल्त्सांत.

डीट्रिख गेल्याचं आईवडिलांना कळलं ते जुलैच्या शेवटी, रेडिओवरून. लंडनच्या एका चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनासभा होती, बिशप बेल बोलत होते, बीबीसी ती प्रक्षेपित करत होतं, आणि बर्लिनमधल्या घरात दोन म्हातारी माणसं ऐकत होती. पडलेल्या राजधानीत टपाल धड चालत नव्हतं, आणि परक्या देशातल्या सभेतून मुलाच्या मरणाची बातमी घरात आली. या प्रसंगापुढे मी दर वेळी थबकते.

आडनाव पुढे चाललं. थोरला कार्ल-फ्रीडरिख रसायनशास्त्रज्ञ होता. १९२९ मध्ये त्याने पाउल हार्टेकबरोबर हायड्रोजनचं पॅरा हे रूप वेगळं करून दाखवलं. त्याचा मुलगा फ्रीडरिख ट्यूबिंगनमध्ये, वाढत्या मेंदूतले मज्जातंतू आपली वाट कशी शोधतात, याचा अभ्यास करत राहिला. घरं थोडीच राहिली, पण आज जर्मनीत हे नाव शाळांवर, चर्चवर, रस्त्यांच्या पाट्यांवर ठिकठिकाणी वाचायला मिळतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दर्शनी भिंतीवर विसाव्या शतकातल्या दहा हुतात्म्यांचे पुतळे १९९८ मध्ये बसवले, त्यांत डीट्रिख आहे. एवढ्या विरळ आडनावाचा असा प्रसार दुसरा मला आठवत नाही. मात्र पाट्या बहुतेक त्याच्याच नावाच्या आहेत.

म्हणून मला एमीबद्दल लिहायचं होतं. क्लाउसची बायको, इतिहासकार हान्स डेलब्रुक यांची मुलगी. चाळिशीच्या उंबरठ्यावर वैधव्य आलं, पदरी तीन मुलं. १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफर्टमध्ये आउशवित्झच्या रक्षकांवर खटला चालला. छावणीतून वाचलेले साक्षीदार देशोदेशींहून येत होते. ज्या भाषेत त्यांना हुकूम मिळाले होते, त्याच भाषेच्या शहरात येऊन त्यांना सगळं पुन्हा सांगायचं होतं. एमी आणि तिच्यासोबतच्या काही जणांनी त्यांना सोबत करायचं काम अंगावर घेतलं. त्यांच्याजवळ बसायचं, न्यायालयापर्यंत बरोबर जायचं, साक्ष झाल्यावर एकटं सोडायचं नाही. छावणीतून आलेल्या त्या माणसांना जर्मनीत आपुलकीने भेटलेली बॉनहोफर ही होती.