जगात एकच! आणि तीही होळकरांची!

अहो, ड्यूझेनबर्ग माहितीय? नाही ना? मलाही नव्हती! आधीच सांगून टाकतो, गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. टायर पंक्चर झाला की मी आधी चप्पल बघतो आणि मग एसटी. पण काल रात्री एका गाडीचा फोटो बघितला, आणि सकाळपासून वडूजच्या बाजारपेठेत जो भेटेल त्याला धरून हेच ऐकवतोय. आता तुम्ही सापडलात!

तर इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे. तिशीसुद्धा गाठलेली नाही, आणि 1936 साली यांच्यासाठी एक गाडी तयार झाली. एकच! शोरूममध्ये जाऊन चावी घेतली असला प्रकार नाही. अमेरिकेतली ड्यूझेनबर्ग कंपनी गिऱ्हाइकाला इंजिन बसवलेली नुसती चेसी द्यायची, आपल्याकडे ट्रकची देतात तश्शी, वरची बॉडी ज्याची त्यानं बांधून घ्यायची! आणि मग यांची चेसी गेली थेट लंडनला, गर्नी नटिंग नावाच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे, आणि मग त्यांच्या मॅकनील नावाच्या डिझायनरनं आराखडा काढला, आणि मग जे काय बाहेर पडलं ते बघून मी खुर्चीत नीट बसूच शकलो नाही! भगवा आणि काळा रंग! समोर दिसतं ते सगळं बॉनेटच! पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जवळपास 13 फूट! आणि बसायला? दोन माणसं! फक्त दोन! आमच्या वडापवाल्याला हे दाखवू नका, त्याला झोप लागायची नाही.

इंजिन तर विचारूच नका. म्हणजे विचारा, पण मला नको! पाठ केलंय तेवढं सांगतो: एका ओळीत 8 सिलिंडर, 32 व्हॉल्व्ह, 6.9 लिटर, आणि वर सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून दाबून आत कोंबणारं यंत्र. कंपनीचा दावा 320 अश्वशक्तीचा! आजोबांच्या काळात!

पण मला वेड लावलं ते डॅशबोर्डनं. या मॉडेलच्या डॅशबोर्डवर समुद्रसपाटीपासून किती उंच आलोय ते सांगणारा काटा! स्टॉपवॉच! आणि बारीक बारीक दिवे! दर 75 मैलांनी गाडी स्वतःच स्वतःच्या सांध्यांना तेल पाजणार आणि ते चाललंय म्हणून एक दिवा लागणार, आणि मग 700 मैल झाले की इंजिनऑइल बदला म्हणून दुसरा, आणि मग 1400 मैलांवर बॅटरीतलं पाणी बघा म्हणून तिसरा! माझ्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा कधीचा मेलाय हो!

आणि होळकरांच्या गाडीला पुढं वेगळेच लाल-निळे दिवे होते. का? तर असं सांगतात की आत महाराज आहेत की महाराणी, हे लांबूनच पोलिसाला कळावं! आता या महाराणी कोण? संयोगिताराजे. माहेर कुठलं? कागल! घाटग्यांचं कागल! आणि होळकर मूळचे कुठले? नीरेकाठच्या होळचे! म्हणजे मल्हाररावांच्या घराण्यातला मुलगा आणि कागलची लेक यांचे दिवे अमेरिकेतल्या इंजिनावर, लंडनच्या बॉडीवर! आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही! शाळेत मल्हारराव सांगितले, अहिल्याबाई सांगितल्या, पण हे कुणीसुद्धा नाही!

पैसा कुणाचा, हे मलाही कळतं. रयतेचाच. राग येतो, आणि मग मी परत फोटो उघडतो, आणि मग राग जरा वेळ बाजूला ठेवतो. काय करणार! संयोगिताराजे तर 1937 सालीच गेल्या, ड्यूझेनबर्ग कंपनीनंही त्याच वर्षी गाशा गुंडाळला, आणि गाडी पुढं अमेरिकेला परतली. ती काही आपल्याला दिसायची नाही.

पण होळ कुठं पळून जातंय? दहिवडी करून फलटण, फलटणहून नीरा नदी! रविवारी कोण कोण येतंय बोला! डबा माझा. गाडी मात्र तुमची काढा, माझ्या स्कूटरचा भरवसा नाही!