यंदाची सहल नगरला

यंदाची सहल नगरला न्यावी, असं मी शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. आजवर सहलीचा विषय निघाला की संभाजीनगरचा आग्रह मीच धरायचे. आमची माध्यमिक शाळा नेवासे तालुक्यात, महामार्गापासून जरा आत. एका बाजूला नगर, दुसऱ्या बाजूला संभाजीनगर, आणि अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच. एसटीची सवलतीची बस पहाटे निघाली की यांपैकी कुठल्याही शहरात मुलं सकाळच्या पुऱ्या-चटणी खायला वेळेवर पोहोचतात. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही, वेळेचाही नाही. मुलांना कुठलं शहर दाखवायचं एवढाच प्रश्न आहे. त्यावरचं माझं मत आता बदललं आहे, आणि ते कसं बदललं हे नीट सांगावंसं वाटतं.

माझं जुनं मत काही हलकं नव्हतं. वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत आहे, 1983 पासून. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी एकाच खडकात वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं मुलांनी पाहिलं की ती गप्प होतात, आणि नववीच्या वर्गाला गप्प करणं किती अवघड आहे हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. देवगिरीचा अंधारी भुयारी मार्ग, बीबी का मकबरा, पाणचक्की. एका दिवसात एवढं सगळं दुसरीकडे कुठे मिळतं? शिवाय आम्ही नेवाशाचे. ज्या गावात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या गावावर तेव्हा राज्य होतं देवगिरीच्या रामदेवराव यादवांचं. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी त्या राजाचा उल्लेखही केला आहे. ज्या खांबाला टेकून ती सांगितली म्हणतात त्या पैस खांबाजवळ वाढलेल्या मुलांनी देवगिरी पाहिलाच पाहिजे, असं मी म्हणायचे. आजही म्हणते.

आणखी एक ओढ होती, तिला कारण देता यायचं नाही. प्रवरासंगमचा पूल ओलांडला, गोदावरी मागे पडली की आपण परमुलखात आलो असं वाटतं. माझ्या आजीच्या तोंडी नदीपलीकडचा सगळा भाग म्हणजे मोगलाई. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचं संस्थान. सप्टेंबर 1948 पर्यंत ही खरोखरची सरहद्द होती. सोयरिकी दोन्ही काठांवर होत्या, पण राज्य वेगळं, नाणं वेगळं, कोर्टकचेरीची भाषा वेगळी. सरहद्द गेली, तरी पलीकडे जाण्याची हौस आमच्या भागातल्या लोकांत टिकून राहिली आहे. सहल म्हणजे पलीकडे जाणं.

नगरला मात्र आम्ही कामाला जातो. दाखला काढायचा असतो, जिल्हा परिषदेत सेवापुस्तकाचं काहीतरी अडलेलं असतं, कोर्टाची तारीख असते, घरातलं कोणी दवाखान्यात असतं, लग्नाचा बस्ता कापडबाजारात बांधायचा असतो. माळीवाड्याच्या स्थानकावर उतरायचं, काम उरकायचं, मिळेल ती गाडी पकडून परत. जिल्ह्याच्या गावाशी सगळ्या तालुक्यांचं नातं असंच असतं. जिथे आपण रांगेत उभे राहतो ते गाव बघायचं असतं हे डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, आणि मी इतिहास शिकवते.

मत हळूहळू बदललं, आणि ते बदलायला लागलं संभाजीनगरच्याच सहलींत. खुलताबादला औरंगजेबाची साधी, उघड्यावरची कबर दाखवताना मी मुलांना सांगायचे की हा बादशहा 1707 मध्ये नगरजवळ भिंगारला वारला आणि तिथून त्याला इथे आणलं. त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर. त्याच्याबद्दल सांगायला लागलं की पुन्हा नगरच. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पोरगा शेवटी निजामशाहीचा वजीर चंगेजखान याच्याकडे आला तो अहमदनगरच्या दरबारात. राज्यकारभार शिकला तिथे, वाढला तिथे. 1600 मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं होतं. याने वारस शोधून गादीवर बसवला, आधी परांड्याला, मग जुन्नरला राजधानी हलवत मोगलांशी लढत राहिला आणि 1610 मध्ये खडकी नावाच्या खेड्याजागी नवं शहर वसवलं. त्या खडकीचं पुढे फत्तेनगर झालं, मग औरंगाबाद, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. म्हणजे ज्या शहरासाठी मी इतकी वर्षं भांडत होते ते वसवलं नगरच्या माणसाने, नगर हातचं गेल्यावर.

देवगिरीचंही तेच. यादव आणि तुघलक सांगून मी थांबायचे. पण 1499 मध्ये हा किल्ला निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने जिंकला आणि 1633 पर्यंत तो निजामशाहीचा होता. पाणचक्कीच्या आवारात मुलांना नहर-ए-अंबरी समजावून सांगायचे: जमिनीखालून खापरी नळ, मध्ये मध्ये हवेसाठी आणि सफाईसाठी उसासे, उतार असा साधलेला की पाणी आपोआप शहरात येतं. ही युक्ती अंबरच्या आधीच नगरमध्ये चालू होती. कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांकडून असेच नळ शहरात आणि बागांत खेळवले होते. मी संभाजीनगरात उभी राहून नगर शिकवत होते, आणि मुलांनी नगर पाहिलेलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर मला चैन पडेना.

मग नगरला कामाला गेले की काम उरकल्यावर शहरात फिरायला लागले. पहिली पाहिली दमडी मशीद, किल्ल्याच्या जवळ. इतकी लहान की रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत भरू नये. आत गेलं की मोठमोठ्या शिळांवरचं कोरीवकाम, फुलं, वेलबुट्टी, अक्षरं, सगळं लाकडावर काढावं तसं नाजूक. 1567च्या सुमारास साहिरखान नावाच्या सरदाराने बांधलेली. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी दिली आणि त्यातून ती उभी राहिली, असं सांगतात. वेरूळला कैलास कोरणाऱ्यांचं नाव-गाव आपल्याला सांगता येत नाही. इथे निदान आठवण तरी मजुरांची आहे. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे आई-बाप ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर जातात. त्या मुलांना ही मशीद दाखवावी असं मला तेव्हाच वाटलं.

मग किल्ला. भोवती खंदक, आत भरभक्कम बुरूज, हुसेन निजामशहाने दगडात बांधून घेतलेला. 1595 च्या अखेरीस शहाजादा मुराद मोगल फौज घेऊन आला, सुरुंगाने तट फोडला, तेव्हा चांदबिबीने रात्रीतून खिंडार बुजवून घेतलं आणि वेढा उठवायला लावला. वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर वाचलं. चारच वर्षांनी, 1600 मध्ये, तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि नगर पडलं. वर्गात हा धडा दहा ओळींत संपतो. तटाखाली उभं राहून तो सांगायला लागले तर मुली प्रश्न विचारतील, याची मला खात्री आहे.

याच किल्ल्यात ऑगस्ट 1942 नंतर काँग्रेसच्या कार्यकारिणीचे नेते कैदेत होते. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं, आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं इथे लिहिली. 1943 मध्ये आझादांची पत्नी कलकत्त्यात वारली तेव्हा ते याच भिंतींच्या आत होते. त्या खोल्या जतन केलेल्या आहेत. अकरावी-बारावीला जाऊन मुलं या पुस्तकांची नावं पाठ करतील. ती जिथे लिहिली ती खोली त्यांच्या घरापासून दीड तासावर आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. दरवर्षी 3 जानेवारीला आम्ही सावित्रीबाईंची जयंती करतो, भाषणं होतात. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्याकडे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधलं कितीतरी आयुष्य नगर आणि राहुरीत घडलं आहे. हे सगळं आमच्याच जिल्ह्यातलं, आणि माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला ते ठाऊक नव्हतं. कारण मीच कधी ते जोडून सांगितलं नव्हतं.

बैठकीत आक्षेप आलेच. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तिथं मुलांना दिसणार काय? किल्ला लष्कराच्या ताब्यात. फराहबाग सुनी पडलेली. पालक विचारतील, पैसे घेऊन रोजच्या गावाला नेलंत होय?" त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. वेरूळला मूल नुसतं उभं राहिलं तरी त्याला काहीतरी मिळतं. नगरला सांगावं लागतं. जागा विखुरलेल्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी धड पाटीही नाही. जुन्या तलावाच्या मधोमध उभा असलेला फराहबागेचा अष्टकोनी महाल पाहून शहाण्या माणसालाही पडझडच आधी दिसते. 1583 च्या सुमारास तो पुरा झाला तेव्हा भोवती पाणी होतं, कारंजी होती, हे त्याला शेजारी उभं राहून कुणी सांगितलं तरच डोळ्यांपुढे येतं. शहरातलं वैभव बरंचसं बाहेरही गेलं आहे. मुलूख मैदान तोफ 1549 मध्ये नगरला ओतली, ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे आणि जगभरचे लोक ती तिथे जाऊन पाहतात.

पण मला पटलेलं आहे ते नेमकं यामुळेच. वेरूळ ही मुलं पाहणारच आहेत. लग्न झाल्यावर जातील, नोकरी लागल्यावर गाडी घेऊन जातील, घृष्णेश्वराच्या दर्शनाला जातील तेव्हा लेणी बघून येतील. वेरूळला शिक्षकाची गरज नाही. नगर त्यांना पुढे कुणी दाखवणार नाही. तिथे ती जन्मभर दाखले काढायला जातील आणि चांदबिबीच्या तटाशेजारून रिक्षाने निघून जातील. ज्या शहराला सांगणारं माणूस लागतं, तिथेच शाळेने जायचं. असं म्हटल्यावर मुख्याध्यापक थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "परवानगीचं पत्र तुम्ही लिहा."

पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावरचा तीनमजली अष्टकोनी महाल आमच्या यादीत शेवटी आहे. लोक त्याला चांदबिबी महाल म्हणतात, पण ती कबर आहे सलाबतखानाची, मुर्तजा निजामशहाच्या वजिराची. शेवगाव-पाथर्डीकडच्या लोकांना तो एसटीच्या खिडकीतून कायम दिसतो. वर गेलं की सगळं नगर खाली पसरलेलं दिसतं, किल्लाही ओळखू येतो. तिथे मुलांना बसवून मी भातवडीची लढाई सांगणार आहे. 1624 मध्ये नगरजवळ मलिक अंबरने तलाव फोडून मोगल आणि आदिलशाही फौजांची वाट चिखलात अडवली आणि त्यांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. या दोन्ही भावांची नावं नगरच्या शहा शरीफ पिरावरून ठेवली असं परंपरा सांगते. मुलांच्या मनात शिवरायांची गोष्ट शिवनेरीपासून सुरू होते. त्याच्या आधीचा भाग इथे, या मुलांच्या जिल्ह्यात आहे. शहराचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. ज्यांचं नाव दिलं त्या अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, त्याही याच जिल्ह्याच्या. जुनं आणि नवं, दोन्ही नावांमागची माणसं मुलांना ठाऊक असावीत.

संभाजीनगर मी सोडलेलं नाही, क्रम बदलला आहे. आठवीला नगर, नववीला संभाजीनगर. आधी किल्ला आणि खापरी नळ पाहिलेली मुलं पुढच्या वर्षी खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी उभी राहतील तेव्हा त्यांना तो माणूस ओळखीचा असेल.

नेवासे, शेवगाव, पाथर्डी, राहुरी, पारनेर इथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: एक सहल नगरला न्या. किल्ला लष्कराच्या अखत्यारीत असल्याने परवानगीचं पत्र बरंच आधी द्या, मुलांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. सलाबतखानाच्या डोंगरावर ऊन चढायच्या आत पोहोचा आणि पाणी सोबत न्या.