एका नगाचं काम

निवृत्त होईपर्यंत मी वाळूजच्या एका टूलरूममध्ये प्लास्टिकच्या भागांचे साचे बनवत होतो. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली, आणि त्यांच्या आगेमागे माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या चुली पेटल्या. त्या धंद्यात एका नगाला कोणी विचारत नाही. मोटारीच्या बंपरचा पोलादी साचा काही टन वजनाचा, किंमत कोटीच्या घरात. पण एकदा मशिनवर चढला की जवळजवळ मिनिटाला एक बंपर बाहेर पडतो. लाखभर निघाले की हिशेब जुळतो. मला हवा होता एकच, आणि तोही अशा गाडीचा, जिचं नाव ऐकल्यावर माणसं “कुठली?” असं दुसऱ्यांदा विचारतात.

सॅन स्टॉर्म. बंगळूरच्या सॅन मोटर्सनं १९९८ मध्ये आणलेली दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी. बांधणी गोव्यातली, आरेखन फ्रेंचांचं, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, म्हणजे युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये बसायचं तेच. ताकद साठेक अश्वशक्ती. समृद्धी महामार्गावर आजची कुठलीही साधी हॅचबॅक तिला मागे टाकील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टप मागे टाकून पहाटे मिटमिट्यावरून दौलताबादकडे निघालं, की साठची गतीसुद्धा अंगाला लागते. आमच्या घरात मात्र तिला ‘खेळणं’ म्हणतात.

या खेळण्याचं सगळं अंग फायबरग्लासचं. ही हौस नव्हे, हिशेब. पत्र्याच्या प्रत्येक भागाला प्रेसची डाय लागते, आणि थोड्याच गाड्या काढायच्या असतील तर तो खर्च अंगावर येतो. फायबरचा साचा फायबरचाच करता येतो, हातानं. अमेरिकेत शेवरलेनं १९५३ मध्ये पहिली कॉर्व्हेट काढली ती याच मालात, आणि त्या वर्षी निघाल्या फक्त ३०० गाड्या. ज्यांना थोडंच बनवायचं आहे त्यांचा हा माल, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण टूलरूमचा माणूस हातानं थापलेल्या वस्तूकडे जरा नाक वर करूनच बघतो.

छावणीकडून पडेगावात येणाऱ्या रस्त्यावर उभ्या गाडीला रिव्हर्स येणारा एक टेम्पो पुढून टेकला. टेकलाच फक्त. पत्रा असता तर पोचा पडला असता, प्लास्टिक असतं तर दबून परत आलं असतं. फायबरला पोचा माहीत नाही; ते एक तर टिकतं, नाही तर फुटतं. बंपरचा डावा कोपरा खाली पडला आणि आतलं दृश्य उघडं झालं: आधीच्या कुणा मालकानं तिथे कोंबडीची जाळी घालून वर बोटभर लांबी भरली होती. चौकटीला वेल्ड केलेल्या पट्ट्याही त्याच कारागिराच्या. म्हणजे मी इतकी वर्षं ज्याला पुसत होतो, तो बंपर अर्धा मुळात बंपरच नव्हता.

सल्ले आले. डेंटर म्हणाला, “काका, परत लांबी भरतो, संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा.” शेजारच्या ट्रक बॉडीवाल्यानं पुढे पाइपचा गार्ड लावून देतो म्हटलं. गाड्यांना असले गार्ड लावू नयेत असं केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, हे मी त्याला सांगितलं. त्यानं हात केला तो रस्त्याकडे, जिथून गार्डवाल्या गाड्याच जात होत्या. भाच्याचा सल्ला सगळ्यांत आधुनिक: भंगारातून एखाद्या नव्या गाडीचा प्लास्टिक बंपर आणायचा, मधून कापून अरुंद करायचा, प्लास्टिक वेल्डिंग करायचं. “मामा, रंग मारल्यावर कोणाला कळतंय?” मला कळलं असतं. स्टॉर्मच्या नाकाचा बाक वेगळा, दिव्याखालची रेघ वेगळी. दुसऱ्याचा ओठ तिला लावून चालणार नव्हता.

उरले दोन पर्याय. एक, दक्षिणेतल्या एका वर्कशॉपचा तयार बंपर. फोटोत राखाडी प्रायमर मारलेला, तुळतुळीत, आणि भाव ऐकून बरं वाटावं असा. दुसरा, गोव्यातल्या एका गृहस्थांकडे पडून असलेला मूळ बंपर. उजवीकडे चिरलेला, उन्हानं जेलकोटचा वरचा थर खडूसारखा भुरभुरीत झालेला, आणि मोडक्या मालाचा भाव नव्यापेक्षा जास्त. घरातल्या प्रत्येकानं फोटो बघून पहिल्यावर बोट ठेवलं.

मी फोटो घेऊन फायबरवाल्या चाचांकडे गेलो. पडेगावातच, मुख्य रस्त्यापासून आत, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालतं. ट्रॅक्टरची छपरं, बाथरूमचे दरवाजे, आणि बागेत तोंड वासून कचरा गिळणारे ते पेंग्विन. शेडमध्ये शिरताच स्टायरीनचा उग्र वास नाकात जातो आणि दोन दिवस तिथेच राहतो. चाचांनी मोबाइल लांब धरून फोटो पाहिला आणि परत दिला. “साहब, पीछे का फोटो मंगाओ. सामने से तो सब गोरे दिखते.”

मागवला. दक्षिणेतून तो यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा त्या वेळेचं कारणही दिसलं. पाठीवर एके ठिकाणी रेझिनची थारोळी सुकलेली, दुसरीकडे काचेच्या धाग्यांची मॅट कोरडीच, पांढरे धागे उघडे. रेझिन जास्त झालं की वस्तू ठिसूळ, कमी पडलं की पापुद्रे सुटतात. चॉप्ड मॅटला काचेच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीनं रेझिन लागतं, आणि ते रोलरनं दाबून सगळीकडे सारखं पोचवावं लागतं. पुढून प्रायमर मारला की यातलं काही दिसत नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: फायबरचा भाग घ्यायचा तर उघड्या जेलकोटमध्ये घ्यावा. प्रायमर मारून विकणारा आपलं एक काम वाचवत असतो, आणि कधीकधी आपल्यापासून काहीतरी लपवतही असतो.

त्याहून मोठी गोष्ट मापाची. मी कडेपासून कडेपर्यंतचं अंतर विचारलं. ते माझ्या फेंडरांमधल्या मापापेक्षा दहा-बारा मिलिमीटरनं कमी भरलं. कारण माझ्याच धंद्यातलं होतं. प्रत्येक प्लास्टिक थिजताना आकसतं. पॉलीप्रॉपिलीनला आम्ही एक ते दीड टक्का धरून साचा तेवढा मोठा कापतो. नुसतं पॉलिएस्टर रेझिन घनफळात सहा-सात टक्के आकसतं. काच घातली की ते बरंच रोखलं जातं, पण थांबत नाही. आता कुणी बंपरवरून साचा घेतला, त्यातून बंपर काढला, आणि तो विकत घेऊन दुसऱ्यानं त्यावरून पुन्हा साचा घेतला, तर प्रत्येक पिढीला थोडं अंग चोरलं जातं, कडा गोल होतात, रेघ पुसट होते. तो तुळतुळीत बंपर नकलेची नक्कल होता.

परदेशातल्या हौशी लोकांना बंपर शोधण्याचं हे दुखणं वेगळ्या वाटेनं येतं. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांपासून ताशी पाच मैलांचा धक्का सोसणारे बंपर सक्तीचे झाले, म्हणून एमजीबीसारख्या नाजूक गाडीला १९७४ मध्ये काळे रबरी जबडे बसले. ते काढून जुन्या वळणाचे हलके फायबर बंपर लावणारे आजही पुष्कळ. त्यांना निदान निवडायला चार दुकानं असतात. आणि एक खरं सांगायला हवं: फायबरचा बंपर धक्का खात नाही. नव्या गाड्यांत प्लास्टिकच्या मुखवट्यामागे फोम आणि पोलादी आडवी पट्टी असते, मार ती खाते. फायबरचा बंपर हा चेहरा आहे. संरक्षणाची आशा त्याच्याकडून करू नये.

मी गोव्याचा मोडका बंपर घेतला. घरी आला तेव्हा, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, जुन्या गादीत गुंडाळून, सौ. म्हणाली, “फुटका होता, म्हणून फुटकाच आणला?” एका अर्थी हो. तो गाडीला लावायचा नव्हताच. त्याच्यावरून साचा घ्यायचा होता. चिरलेला उजवा कोपरा चाचांनी आतून जोडला. जिथे कड उडाली होती तिथे डाव्या बाजूचा पुठ्ठ्याचा फर्मा उलटा करून मी ती मापानं उभी केली. माझा व्हर्नियर आणि त्यांचा अंगठा यांची तिथे बरीच वादावादी झाली. पृष्ठभागावरची लाट अंगठ्याला आधी कळते, हे मी मान्य करतो. अंतर मात्र व्हर्नियरचंच खरं.

साचा दोन तुकड्यांचा, कारण बंपरच्या खालची कड आत वळते आणि अखंड साच्यातून तो निघाला नसता. मधे फ्लँज, त्याला नटबोल्ट. वॅक्सचे हातावर हात, वर पीव्हीएचा पातळ पापुद्रा, मग जेलकोट. उन्हाळा कडक होता आणि चाचा फक्त पहाटे काम करत. चाळीसच्या वर पारा गेला की बादलीतलंच रेझिन थिजायला लागतं, तापतं, धूर सोडतं. कॅटलिस्ट तेव्हा टक्क्याच्या आसपासच घालायचं. आणि कॅटलिस्ट व कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो. म्हणून त्या दोन बाटल्या शेडच्या दोन टोकांना. पोरगा नवा असला तरी हे पहिल्या दिवशी शिकतो.

मॅटचा तुकडा साच्यावर ठेवताना मला कागजीपुरा आठवला. याच रस्त्यानं पुढे, दौलताबादच्या वर, तिथे अजून हातकागद करतात. तशीच ही मॅट, आखूड धागे वाटेल त्या दिशेनं पडलेले, म्हणून तिची ताकद सगळीकडे सारखी. रेझिन लागलं की तिच्यातला बाइंडर विरघळतो आणि मॅट ढिली होऊन कोपऱ्यात बसते. विणलेलं रोव्हिंग घालू का, असं मी विचारलं होतं, मजबुतीसाठी. चाचांनी नकार दिला: तंग कोपऱ्यात ते उचलतं, खाली हवा राहते, आणि पुढे ऊन लागलं की तिथेच फोड. तेव्हा जेलकोट, टिश्यू, एक तीनशेची मॅट, वर दोन साडेचारशेच्या. मिळून तीन-साडेतीन मिलिमीटर. बोल्ट येणार तिथे जादा थर, आणि आत पोलादी पट्ट्या पुरलेल्या.

नंबर प्लेटची जागा मी मुद्दाम सपाट करून घेतली. नव्या सुरक्षा पाटीचं माप ५०० बाय १२० मिलिमीटर, आणि तिचे स्नॅप लॉक एकदा बसले की मोडल्याशिवाय निघत नाहीत. बाकदार फायबरवर ती ताणून बसवली तर भोकापासून चीर जाणार, हे ठरलेलं.

बंपर निघाल्यावर लगेच रंग मारायचा नाही. साच्यातच ठेवून, मग चौकटीला बांधून उन्हात तापवायचा. अर्धवट पिकलेल्या फायबरवर रंग चढवला तर काही महिन्यांत मॅटचे धागे रंगातून उमटतात. नखानं दाबून आणि नाक लावून बघायचं. वास येतोय म्हणजे अजून कच्चा. नाण्यानं ठोकत गेलं की जिथे आवाज बोदा होतो तिथे आत हवा आहे. एके ठिकाणी तसा आवाज आला. चाचांनी माझ्याकडे न बघता ती जागा ग्राइंडरनं उघडली आणि भरली.

बसवायच्या दिवशी उजवीकडची फट सारखी आली, डावीकडे तीन मिलिमीटर जास्त. मी बंपर मोजला, बरोबर होता. मग गाडी मोजली. त्या जुन्या कारागिराच्या वेल्ड केलेल्या पट्ट्यांनी चौकटीचा डावा कान आत ओढला होता, आणि त्याची बोटभर लांबी हे सगळं पोटात घेऊन बसली होती. चाचा म्हणाले, डावीकडे थोडं घासून टाकू. मी नको म्हटलं. पट्ट्या कापून चौकट सरळ केली, त्यात आणखी पैसे गेले, आणि ‘खेळण्या’च्या खर्चाची वही घरात उघडली गेली.

रंग लागल्यावर मी गोव्याच्या गृहस्थांना फोटो पाठवला, पुढूनही आणि मागूनही. त्यांचा लगेच फोन आला. त्यांच्याकडची दुसरी स्टॉर्मही नाकाशिवाय उभी आहे. साचा आहेच तर एक काढून द्याल का? चाचांनी भाव सांगितला, माझ्यापेक्षा कमी, कारण साच्याचे पैसे मी दिलेले. मी त्यांना सांगितलं, बंपर मिळेल, पण आधी तुमच्या चौकटीचे दोन्ही कान मोजून पाठवा.