गेल्युसाइटचा स्फटिक

कुंभकोणात राहून स्फटिक वाढविण्याच्या विद्येची जी थोडीफार उपासना माझ्याकडून घडली, तीत गेल्युसाइट या दुर्मीळ लवणाइतका मनस्वी पदार्थ माझ्या हाती दुसरा आला नाही. सोडियम व कॅल्शियम यांचे हे सजल कार्बोनेट. त्याच्या वजनातील सुमारे ३० टक्के भाग निव्वळ पाण्याचा. बुसँगो या शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातील लागुनियास येथील या खनिजाला १८२६ साली रसायनज्ञ गे-ल्युसाक याचे नाव दिले.

धुण्याच्या सोड्याच्या दाट द्रावणात कॅल्शियम क्लोराइडचे विरळ द्रावण थेंबाथेंबाने सोडले, की प्रथम खळीसारखा पांढरा साका धरतो, आणि तो न गाळता त्याच द्रावणात राहू दिला तर यथावकाश त्याचेच पाणीदार स्फटिक होतात. द्रावणाची उष्णता चाळीस अंशांच्या घरात गेली, तर मात्र कमी पाण्याचे पिर्सोनाइट होऊ लागते. म्हणून कावेरीकाठचा वैशाख टाळून मी हे काम मार्गशीर्षात हाती घेतो. सिद्ध झालेला स्फटिक गोड्या पाण्याने धुवावा, तर सोडा निघून जाऊन केवळ चुनखडी उरते; कोरड्या हवेत ठेवावा, तर आपले पाणी गमावून तो निस्तेज होतो. तेव्हा तो टिपकागदाने टिपून तत्काळ कुपीत बंद करणे, हाच त्याचा बंदोबस्त.

माझ्या काचपात्रात जे घडते, तेच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरात निसर्गाने विस्ताराने घडविले आहे. बेसाल्टातून झिरपलेले क्षार त्या निर्गमहीन सरोवरात साठत गेले. त्यांतून मिळणारे डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की हे प्रकार लोक पूर्वापार जाणत होते. परंतु तळाच्या गाळाचे उभे नमुने काढून तपासले, तेव्हा सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेल्युसाइटचे स्फटिक आढळले. पर्जन्य दीर्घकाळ क्षीण होऊन सरोवर आटत गेल्याचा तो पुरावा होय.

तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी दप्तराची आपण जी निगा राखतो, तीच लोणारच्या गाळालाही मिळाली पाहिजे. अनावृष्टीची एवढी जुनी नोंद आपल्या कोणत्याही दफ्तरखान्यात नाही. म्हणून अभ्यासकांनी तो गाळ गोड्या पाण्याने धुऊ नये, आणि गावाने आपले सांडपाणी सरोवरात जाऊ देऊ नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.