रिकामा रकाना

दिल्लीत थंडी ओसरू लागली, की आमच्या सरकारी वसाहतीतील काटेसावरी पाने टाकून देतात आणि तांबड्या मांसल फुलांनी भरून जातात. इकडचे लोक तिला सेमल म्हणतात. गावाकडे ओढ्याकाठी हे झाड पाहिलेले; त्यामुळे परमुलखात भेटलेल्या नातलगासारखा त्याचा मला आधार वाटतो. पण गेली काही वर्षे ही फुले दिसू लागली, की मनात एक निराळीच हुरहूर उत्पन्न होते. ह्याच सुमारास माझ्या दाराची घंटा वाजू लागते. दार उघडावे तो बाहेर बारावीतला एखादा मुलगा किंवा मुलगी, हातात कागदांनी फुगलेली पिशवी, आणि मागे अर्ध्या जिन्यावर संकोचून उभी असलेली आई.

"भावजी, एवढा अर्ज जरा नजरेखालून घालाल का?"

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. दुसऱ्यांचे अर्ज तपासणे हाच माझा व्यवसाय. रजेचे अर्ज, बदलीचे अर्ज, निवृत्तिवेतनाचे अर्ज, असे हजारो कागद माझ्या मेजावरून गेले असतील. कोणताही रकाना रिकामा ठेवू नये, लागू नसेल तेथे 'लागू नाही' असे स्पष्ट लिहावे, ही आमच्या पेशातील पहिली शिकवण. माझ्या हातून गेलेला अर्ज परत येत नाही, अशी वसाहतीत माझी ख्याती झाली होती, आणि कबूल करावयास हरकत नाही, की ती मला आवडतही होती. कारकुनाच्या आयुष्यात कीर्तीचे प्रसंग फार येत नाहीत.

मी स्वतः बारावी झालो, तेव्हाची गोष्ट फार सोपी होती. तालुक्याच्या महाविद्यालयाच्या खिडकीतून अर्ज मिळे. वडिलांनी खाली सही केली, मी गुणपत्रिका जोडली, आणि तासाभरात मी कला शाखेचा विद्यार्थी झालो. कला शाखाच का, हे मला कोणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही. आताच्या मुलांच्या नशिबी तो सोपेपणा नाही.

२०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठात बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळे. त्या वर्षी काही महाविद्यालयांत काही विषयांसाठी शंभरपैकी शंभर टक्क्यांची अट लागली, आणि नव्व्याण्णव टक्के मिळवलेले मूल घरी बसून रडले. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा आली. तिच्यासाठी एक अर्ज. त्यानंतर विद्यापीठाच्या जागावाटपासाठी दुसरा अर्ज. त्यात महाविद्यालये आणि अभ्यासक्रम ह्यांच्या जोड्यांचा लांबलचक पसंतिक्रम. अभियांत्रिकीची परीक्षा वेगळी, वैद्यकाची वेगळी, आणि महाराष्ट्रात परत जावयाचे असेल तर तेथील प्रवेश परीक्षा आणखी वेगळी. इतर मागासवर्गाचा दाखला असला, तरी तो केंद्राच्या नमुन्यात हवा आणि चालू आर्थिक वर्षातला हवा. सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर अभ्यासाचे ओझे असतेच. त्यावर हे कागदांचे दुसरे ओझे.

त्यात आपण मराठी माणसे. आपल्या नावाचीच पंचाईत. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तिपेडी वेणी आपण घालतो. आधारपत्रावर ती पुरी असते. शाळेच्या प्रमाणपत्रावर मधला पेड गळालेला असतो. आणि जातीच्या दाखल्यावर आडनाव आधी आलेले असते. संगणकाला ही तीन निराळी माणसे वाटतात. एका मुलाचे एक नाव सिद्ध करावयास मी तीन रविवार घालवलेले आहेत.

त्याहून अवघड रकाना 'कायमचा पत्ता' हा. वडील पुण्याहून भोपाळला, भोपाळहून गुवाहाटीला आणि तेथून दिल्लीला आलेले. मूल केंद्रीय विद्यालयांतून वाढलेले. ही विद्यालये १९६३ पासून आपल्यासारख्या बदलीच्या लोकांसाठीच उभी राहिली, आणि त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. शाळा बदलली, तरी अभ्यासक्रम बदलत नाही. पण शाळेचा शेवटचा वर्ग ओलांडला, की ती सावली संपते. महाराष्ट्राचा अधिवासाचा दाखला मागावा, तर सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. इकडे दिल्ली सरकारच्या अभियांत्रिकी विद्यापीठांत ८५ टक्के जागा दिल्लीतून बारावी झालेल्यांसाठी राखलेल्या. म्हणजे बारावीच्या वर्षी बापाची बदली दिल्लीत झाली, की दिल्लीबाहेर झाली, एवढ्यावरून मुलाच्या वाटेची दारे उघडतात किंवा मिटतात. बदलीच्या हुकमावर सही करणाऱ्याला हे ठाऊक नसते. ज्या गावातले घर कधीच पडून गेले आहे, त्या गावाचे नाव आपण 'कायमचा पत्ता' म्हणून लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो.

हे सारे बारकावे मला मुखोद्गत होते. म्हणूनच माझ्या हातून जी चूक घडली, तिचे मला अजून नवल वाटते.

२०२४ च्या मार्च महिन्यातील ती गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी अर्ज घेऊन आली. हुशार, वाचनाची आवड असलेली. वर्तमानपत्रातील अर्थसंकल्पाची पाने कापून ठेवणारी. तिला अर्थशास्त्र शिकावयाचे होते. सराव परीक्षेत मात्र गणिताने तिला दगा दिला होता. सामायिक परीक्षेसाठी विषय निवडण्याचा रकाना आला, तेव्हा ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, गणित घेऊच का? त्यात माझे गुण जातील."

मी विचार केला, अर्थशास्त्र हा विषय तर ती घेतेच आहे. मग गणिताचा भार कशाला? "नको घेऊस," मी म्हणालो. "चार विषय नीट कर." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते पाहून मला स्वतःच्या शहाणपणाचे कौतुक वाटले. अर्ज निर्दोष होता. नाव जुळत होते, छायाचित्र ठरल्या मापाचे होते, एकही रकाना रिकामा नव्हता. दुरुस्तीसाठी मिळालेले दिवसही आम्ही निश्चिंतपणे जाऊ दिले.

निकाल जुलैच्या अखेरीस लागला. गुण उत्तम होते. वहिनींनी पेढे आणून दिले. ऑगस्टच्या आरंभी पसंतिक्रम भरावयास ती माझ्याशेजारी बसली, आणि अभ्यासक्रमांच्या यादीत अर्थशास्त्र ऑनर्स कोठे दिसेना. मी यादी पुन्हा खालीवर केली. मग विद्यापीठाची पात्रतेची पुस्तिका उघडली. त्या विषयासाठी प्रवेश परीक्षेत गणित दिलेले असणे अनिवार्य होते. बारावीला तिने गणित घेतले होते, त्यात ती चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाली होती. पण प्रवेश परीक्षेत तो विषय दिलाच नव्हता. ही पुस्तिका मार्चमध्येही उघडता आली असती. मी ती उघडली नव्हती. मी अर्ज वाचला होता. अर्ज कशासाठी आहे, ते वाचले नव्हते.

काही वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. पंखा फिरत होता. शेवटी तीच म्हणाली, "काका, राज्यशास्त्र आहे ना यादीत?" त्या प्रश्नात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच मला मान वर करवेना. तिला राज्यशास्त्र मिळाले, महाविद्यालयही चांगले मिळाले. वहिनी आजतागायत एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या दिवाळीत शंकरपाळ्यांचा डबा नेहमीप्रमाणे आला. पुढे एकदा जिन्यात भेटली असता ती म्हणाली, "मला हाच विषय आता आवडतो, काका." हे खरे होते, की माझ्यासाठी काढलेली समजूत होती, ते मला कळले नाही, आणि विचारण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

त्यानंतर काही दिवस मी कोणाचा अर्ज हाती घेतला नाही. मग आमच्या कार्यालयातील एक शिपाई आपल्या मुलाला घेऊन आला. हाही आपल्याकडचाच, मराठवाड्याचा. मुलाला बारावीला जेमतेम पन्नास टक्के पडले होते. बापाची इच्छा, मुलाने कोठूनही बी. ए. व्हावे. मुलगा खाली मान घालून बसला होता. पण माझा वातशीतक घरघर करीत होता, तिकडे त्याचे सारे लक्ष. जाण्यापूर्वी त्याने विचारले, "खोलून पाहू का?" आणि दहा मिनिटांत घरघर थांबवली.

मी बापाला म्हणालो, "ह्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घाला. विजेच्या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ह्या संस्थांतील कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० पासून चालत आली आहे, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यामुळे पुढे कारखान्यात विद्यावेतनासह शिकण्याची सोय आहे. दोन वर्षे नीट केली, तर तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. पदविका झाली, की अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. वाट लांब आहे, पण बंद नाही."

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, तुमचा मुलगा असता, तर तुम्ही घातला असता का तिथं?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. माझा मुलगा अजून लहान आहे; पण त्याच्याविषयी जी स्वप्ने मी पाहतो, त्यांत पाना-पक्कड कोठेही नाही, हे मला त्या क्षणी जाणवले. दुसऱ्याच्या मुलाला सांगितलेले शहाणपण आपल्या उंबऱ्यात आणावयाचे म्हटले, की त्याचे वजन कळते.

मी त्याला माझीच गोष्ट सांगितली. मी बी. ए. आहे, पण ज्या परीक्षेने मला ही नोकरी मिळाली, तिला बारावी पुरेशी होती. तिच्यात मला तारले ते तालुक्याच्या एका टंकलेखन वर्गाने. पदवीच्या दुसऱ्या वर्षी केवळ दुपार जात नव्हती म्हणून मी तेथे बसू लागलो. मिनिटाला पस्तीस इंग्रजी शब्द हवे होते. माझे चाळीस झाले. आज घरात जो भात शिजतो, तो पदवीवर नव्हे, त्या खडखडणाऱ्या यंत्रावर शिजतो. पदवीने मला पुस्तके दिली, हे लिहिण्याची उमेद दिली; तिचे मोल मी कमी मानीत नाही. पण भाकरीची आणि विद्येची वाट एकच असते, असे आपण मुलांना सांगत आलो, ते खरे नव्हे.

"आणि माझ्या मुलाचं म्हणाल," मी म्हणालो, "तर त्याला पंखा खोलावासा वाटला, तर मला आधी वाईट वाटेल. पण मी त्याला अडवणार नाही, असा प्रयत्न करीन." तो हसला. ह्या उत्तराने त्याचे समाधान झाले, की माझ्या कबुलीने, कोण जाणे. पण मुलाचा अर्ज त्याच संस्थेत गेला.

आता रविवारी सकाळी माझ्या बैठकीत चारपाच मुले बसतात. मी त्यांचे अर्ज भरीत नाही. ती भरतात, मी शेजारी बसतो. आम्ही शेवटाकडून आरंभ करतो. जेथे जावयाचे आहे, तेथील पात्रतेची अट आधी वाचावयाची, ती वहीत उतरावयाची, आणि मग प्रवेश परीक्षेचे विषय निवडावयाचे. २०२५ पासून पाचच विषय घेता येतात. त्यामुळे एकेका विषयाचा हिशेब अधिक जपून करावा लागतो. दाखल्यांची यादी करून त्यांवरील नावे अकरावीतच जुळवून घ्यावयाची. ज्यांचे वडील बदलीवर आहेत, त्यांनी कोणत्या राज्यात आपण कोण ठरतो, हे आधी पाहावयाचे. आणि प्रत्येकाने एका कोऱ्या कागदावर लिहावयाचे, की सकाळी उठून कोणते काम करावयास मला आवडेल.

ह्या शेवटच्या प्रश्नाशी बहुतेक मुले अडतात. परवा एक मुलगी बराच वेळ लेखणी चावीत बसली होती. आई दारातून म्हणाली, "लिही ना काहीतरी, काका थांबलेत." ती माझ्याकडे पाहू लागली. पूर्वीचा मी असतो, तर तिला एखादे वाक्य सुचवून रकाना भरून टाकला असता.

"राहू दे रिकामा," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी पुन्हा बसू."